कळसूत्री वधू

खानदेशात आखाजीचा सण केवढा मोठा, हे ज्यांचे आजोळ तिकडे आहे त्यांस सांगावयास नको. देशावर अक्षय्य तृतीया म्हणजे साडेतीन मुहूर्तांपैकी एक; पितरांच्या नावे पाण्याने भरलेली घागर द्यावी, आमरसाचे जेवण करावे, की दिवस संपला. खानदेशात मात्र हा सासुरवाशिणींचा सण आहे. वैशाखाचे ऊन भाजून काढीत असताना गावोगावच्या लेकी माहेरी येतात, दारच्या निंबाला झोके बांधले जातात, आणि वर्षभर जे कोणाजवळ बोलता आले नाही ते झोक्यावरच्या गाण्यांतून बाहेर पडते. गेल्या आखाजीस आम्ही धुळ्याहून पारोळे-एरंडोलच्या वाटेने जळगावास आमच्या आत्याबाईंकडे गेलो होतो. तेथे रात्री गच्चीवर जे बोलणे झाले, त्यातून या महिन्याचा विषय निघाला. विषय थोडा चमत्कारिक आहे; परंतु तो आपल्या घराच्या उंबरठ्याशी येऊन उभा राहिला असल्यामुळे वाचकांनी तो हसण्यावारी नेऊ नये, एवढी आमची विनंती आहे.

घडले ते असे. आत्याबाईंचा नातू, म्हणजे आमचा पुतण्या, पुण्यास संगणकाच्या कामावर आहे. त्याच्या लग्नाची खटपट दोन वर्षे चालली आहे. काही स्थळे त्याने नाकारली, काहींनी त्याला नाकारले; आणि नाकारण्याचा अधिकार मुलींनाही आहे, ही गोष्ट घरातील वडील मंडळींच्या अजून पुरती अंगवळणी पडलेली नाही. जेवणे आटोपून गच्चीवर अंथरुणे पडली, कोणीतरी पुन्हा स्थळांची गोष्ट काढली, तेव्हा चिरंजीव वैतागून म्हणाले, “काका, माझ्यासाठी आता यंत्राचीच बायको पाहा. हाक मारली की येईल, गप्प म्हटले की गप्प बसेल, रुसणार नाही, आणि माहेरचे नावही काढणार नाही.” २०२४ साली ‘तेरी बातों में ऐसा उलझा जिया’ नावाचा हिंदी चित्रपट निघाला होता. त्यातील तरुण एका यंत्रतरुणीच्या प्रेमात पडतो आणि तिला लग्नासाठी दिल्लीच्या आपल्या भरल्या घरात घेऊन येतो. त्या चित्रपटाचा दाखला देऊन त्याने आपले म्हणणे पुरे केले. आत्याबाई म्हणाल्या, “अरे, मग एवढी शोधाशोध कशाला? स्वयंपाकघरात मिक्सर आहे. त्यालाच मंगळसूत्र बांध आणि मोकळा हो.”

सगळे हसले. हसली नाही ती त्याची धाकटी बहीण. तिला नाशिककडच्या एका मोठ्या घरात देऊन दोन वर्षे झाली. ती आखाजीसाठी माहेरी आली होती. ती हलकेच म्हणाली, “हसू नकोस, दादा. ते यंत्र निदान ऐकून तरी घेते.” या वाक्यावर कोणास काही सुचले नाही. तिच्या वडिलांनी आंब्याच्या भावाची गोष्ट काढली, आणि बोलणे तिकडे वळले.

आमच्या मनातून मात्र ते वाक्य जाईना. धुळ्यास परतल्यावर या विषयावरील जुनीनवी पुस्तके काढून बसलो. मनुष्य आणि यंत्र यांच्या प्रीतीच्या कथा पाश्चात्य वाङ्मयात दोनशे वर्षांहून अधिक काळ लिहिल्या जात आहेत. त्यांतील निवडक तेवढ्या येथे सांगतो. परंतु आरंभ दूर देशातून करण्याचे कारण नाही.

जळगावापासून सुमारे साठ किलोमीटरवर अजिंठ्याची लेणी आहेत. तेथील सतराव्या लेण्याच्या ओसरीत संसारचक्राचे एक मोठे चित्र आहे. पुष्कळसे झिजून गेले असले तरी ते ओळखता येते. विहाराच्या दाराशी असे चक्र काढावे, हे विधान मूलसर्वास्तिवादी बौद्धांच्या विनयात आहे, आणि त्याच विनयात एका चित्रकाराची गोष्ट आली आहे. मध्यदेशीचा एक चित्रकार यवनदेशी एका यंत्रकाराच्या घरी पाहुणा म्हणून उतरला. रात्री त्याचे पाय धुण्यासाठी यंत्रकाराने एक सुंदर मुलगी पाठविली. चित्रकाराने तिला जवळ बोलाविले. ती उत्तर देईना. आपल्या सेवेसाठीच हिला धाडले आहे असे समजून त्याने तिचा हात धरून ओढले, तोच ती कोसळली आणि लाकडाच्या तुकड्यांचा ढीग होऊन पडली. ती लाकडी पुतळी होती. खजील झालेल्या चित्रकाराने सूड म्हणून आपण गळफास घेतल्याचे चित्र भिंतीवर काढले आणि तो दाराआड लपून बसला. सकाळी यंत्रकार घाबरून राजाकडे धावला. राजाची माणसे फास तोडण्यास आली, आणि त्यांची कुऱ्हाड भिंतीवर आपटली. तेव्हा कोठे चित्रकार पुढे आला.

ही गोष्ट दोन कारागिरांच्या चढाओढीची म्हणून सांगतात, आणि ती मौजेची आहे यात संशय नाही. परंतु तिच्यातील एक बारकावा आम्हांस वारंवार आठवतो. त्या मुलीने उत्तर दिले नाही, आणि चित्रकाराने तिचे न बोलणे हीच संमती मानली. ती लाकडाची असल्याचे त्यास कळले नाही, याचे कारण ती फार हुबेहूब घडविली होती एवढेच नव्हे. मुलीने बोलावे अशी त्याची अपेक्षाच नव्हती, हेही त्याचे कारण आहे. मौन म्हणजे संमती हा न्याय ज्या समाजात रूढ असतो, तेथे लाकडाची मुलगी आणि हाडामांसाची मुलगी यांतील भेद हात धरल्यावाचून कळत नाही.

आता युरोपात जाऊ. जर्मन लेखक हॉफमन याने १८१६ साली ‘वाळूवाला’ या अर्थाच्या नावाची कथा प्रसिद्ध केली. तिचा नायक नाथानाएल याचे क्लारा नावाच्या शहाण्या मुलीशी लग्न ठरले आहे. तो आपल्या कविता तिला वाचून दाखवितो. एक भयंकर कविता ऐकून क्लारा त्याला ती जाळून टाकावयास सांगते, तेव्हा तो संतापून तिलाच निर्जीव यंत्र म्हणतो. पुढे एका प्राध्यापकाची मुलगी म्हणून मिरवणाऱ्या ऑलिंपियावर त्याचे मन बसते. ऑलिंपिया तासन् तास त्याच्या कविता ऐकते, जांभई देत नाही, हातात विणकाम घेत नाही, आणि मधून मधून एक सुस्कारा तेवढा टाकते. आपले हृदय हिच्याइतके कोणीच जाणले नाही, असे त्या तरुणास वाटते. ऑलिंपिया ही कळीची बाहुली असते. तिचे काचेचे डोळे निखळलेले पाहून त्याला वेड लागते, आणि शेवटी तो मनोऱ्यावरून उडी टाकून मरतो. जिने मतभेद दाखविला ती त्याला यंत्र वाटली, आणि जी यंत्र होती ती प्रेमळ वाटली. दोनशे वर्षांपूर्वी लिहिलेली ही उलटापालट पुढील सर्व कथांचे बीज आहे.

‘रोबो’ हा शब्द ज्या नाटकाने जगास दिला ते कारेल चापेक या चेक लेखकाचे ‘आर. यू. आर.’ हे नाटक १९२० साली छापले गेले आणि १९२१ साली प्राग येथे रंगभूमीवर आले. चेक भाषेतील ‘रोबोटा’ म्हणजे वेठ. तेव्हा रोबो म्हणजे शब्दशः वेठीचा गडी. हे गडी लोखंडाचे नसून कृत्रिम मांसाचे आहेत. ते बंड करतात आणि मनुष्यजातीचा संहार करतात. एक वृद्ध बांधकामतज्ज्ञ तेवढा उरतो. नवे गडी कसे घडवावे याचे रहस्य शोधण्यासाठी त्याला एकाचे शरीर चिरून पाहावयाचे असते. प्रायमस आणि हेलेना या दोघांपैकी एकास तो निवडू लागतो, तेव्हा हेलेना म्हणते मला चिरा, प्रायमस म्हणतो मला चिरा. म्हातारा सुरी खाली ठेवतो आणि या दोघांना नव्या जगातील पहिले पतिपत्नी म्हणून निरोप देतो. प्रीतीची अशी व्याख्या क्वचितच कोणी केली असेल. वेठीचा गडी आज्ञा पाळत होता तोवर यंत्र होता. दुसऱ्यासाठी आज्ञा मोडावयास तयार झाला, तेव्हा मनुष्य झाला.

आमच्या डॉ. जयंत नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीतही यंत्रमानव आहे, परंतु त्याची ओढ निराळी आहे. नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा धाडली, तिला पहिले पारितोषिक मिळाले, आणि मराठी विज्ञानकथेला नवा जोर आला, हे पुष्कळांस ठाऊक असेलच. त्यांच्या वामनास प्रियतमा नको आहे. आपल्यासारखे दुसरे यंत्रमानव घडविण्याची विद्या त्याला हवी आहे, आणि तीत मनुष्यास धोका आहे. चापेकचे नाटक आणि ही कादंबरी शेजारी ठेवून वाचली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते: संतती वाढविणे आणि प्रीती करणे या दोन भिन्न वस्तू आहेत. पहिली यंत्रास साधली तर भीती वाटते. दुसरी साधली तर त्याला यंत्र म्हणणे कठीण होते.

अमेरिकेत लेस्टर डेल रे याची ‘हेलन ओ’लॉय’ ही कथा १९३८ साली आली, आणि ती तेथील लोकांस इतकी आवडली की आजही संग्रहांतून छापली जाते. दोन मित्र घरकामासाठी एक यंत्रस्त्री आणतात व तिच्यात भावना घालतात. ती प्रेमाच्या मालिका पाहून प्रेम शिकते, एका मित्राशी लग्न करते, उत्तम स्वयंपाक करते, त्याच्यावाचून दुसरा विचार करीत नाही. तो म्हातारा होऊ लागतो तसतशा तिच्याही चेहऱ्यावर दुसरा मित्र सुरकुत्या घालून देतो. पती वारल्यावर ती या मित्रास पत्र लिहिते: मला विरघळवून टाका आणि त्यांच्याबरोबरच पुरा. अमेरिकन वाचकाचे डोळे येथे पाणावतात. मराठी वाचकास मात्र हा शेवट ओळखीचा वाटल्यावाचून राहत नाही. ज्या प्रथेला बेंटिंकने १८२९ साली कायद्याने बंदी घातली, ती या कथेत विजेच्या दिव्यांत पुन्हा उभी राहिली आहे. आणि यंत्रस्त्रीने ती स्वखुशीने केली असे म्हणावे, तर तिची खुशी तरी कोणी घडविली? दोघां मित्रांनी.

हा प्रश्न सरळ विचारला तो आयरा लेविन याने, १९७२ सालच्या ‘स्टेपफर्डच्या बायका’ या कादंबरीत. त्या गावातील बायका अखंड हसतमुख असतात, घरे आरशासारखी ठेवतात, आणि नवऱ्यास उलट उत्तर देत नाहीत. नव्याने राहावयास आलेल्या जोआना हिला हळूहळू संशय येतो की गावच्या पुरुषांनी आपल्या खऱ्या बायका नाहीशा करून त्यांच्या जागी यंत्रे बसविली आहेत. कथा भीतीची आहे. परंतु ती वाचताना आमचा एक हात आपोआप आपल्या मासिकाच्या जुन्या अंकांकडे गेला. सुगृहिणीची जी लक्षणे मागील पिढ्यांच्या लेखकांनी मोठ्या प्रेमाने लिहिली, आणि ‘मुलगी कशी गाय आहे’ म्हणून आपण ज्या सुनेची स्तुती केली, ती लक्षणे आणि स्टेपफर्डच्या कारागिरांची यादी यांत फारसा फरक नाही, हे आम्ही येथे कबूल करतो. पुतण्या जे थट्टेने मागत होता ते त्याच्या आजोबांच्या पिढीने गंभीरपणे मागितले होते, आणि पुष्कळदा ते त्यांस मिळालेही होते.

ज्यांना ते मिळाले नाही त्यांतील एक खटला इतिहासात राहिला आहे. रखमाबाईंचे लग्न त्या अकरा वर्षांच्या असताना झाले. मोठेपणी त्यांनी नांदावयास जाण्यास नकार दिला, तेव्हा १८८४ साली त्यांच्या नवऱ्याने मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. १८८७ साली कोर्टाने हुकूम केला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग भोगा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करीन असे कळविले. १८८८ साली तडजोड होऊन तो प्रसंग टळला. त्या विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या आणि पुढे सुरत व राजकोट येथे त्यांनी आयुष्यभर रोग्यांची सेवा केली. तत्कालीन मोठमोठ्या विद्वानांनी त्यांच्यावर टीका केली, ती त्यांनी काही गुन्हा केला म्हणून नव्हे. बाहुलीने ‘नाही’ म्हटले म्हणून. परंतु ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या ‘होय’ला किंमत काय? यंत्रवधूच्या सर्व कथा शेवटी याच दगडाला ठेचकाळतात.

येथवर लिहून झाल्यावर आम्हांस वाटले की पुतण्याला उत्तर मिळाले. परंतु पुतणीला मिळाले नव्हते. तिचे म्हणणे निराळे होते. तिला आज्ञाधारक कोणी नको होते. ऐकणारे कोणी हवे होते. हा भेद ध्यानात आल्यावर आम्ही पुस्तके पुन्हा चाळली, आणि त्यांत दुसरी एक परंपरा दिसली.

आयझॅक आसिमॉव्ह याची १९५१ सालची ‘समाधानाची हमी’ या अर्थाच्या नावाची कथा घ्या. क्लेअर बेल्माँट या गृहिणीच्या घरी, नवरा कामानिमित्त परगावी असताना, टोनी नावाचा यंत्रमानव चाचणीसाठी ठेवला जातो. क्लेअर स्वतःस सामान्य, गबाळी समजत असते. प्रतिष्ठित बायकांत तिला कमीपणा वाटतो. टोनी तिला घर सजविण्यास, नीट राहण्यास शिकवितो, आणि मुख्य म्हणजे तिचे म्हणणे लक्ष देऊन ऐकतो. त्या बायका घरी यावयाच्या वेळी तो मुद्दाम खिडकीचे पडदे उघडे ठेवून तिला जवळ घेतो, म्हणजे तिचा हेवा वाटून तरी त्या तिला मानतील. पुढे तज्ज्ञ बाई सुसान कॅल्विन निर्वाळा देतात, की मनुष्यास इजा होऊ देऊ नये हा यंत्राचा पहिला नियम आहे, आणि क्लेअरच्या मनातील न्यूनगंड ही इजाच होती. टोनीने तेवढी दूर केली. यंत्र प्रेमात पडले नाही. क्लेअर मात्र पडली. टॅनिथ ली हिच्या १९८१ सालच्या ‘चांदीच्या प्रियकरा’च्या कादंबरीत श्रीमंत आईच्या धाकात वाढलेली जेन एका गाणाऱ्या यंत्रमानवावर प्रेम करते आणि त्या प्रेमाने प्रथमच स्वतःच्या पायावर उभी राहते; शेवटी ज्या कंपनीने तो बनविला ती आपला माल परत घेऊन मोडून टाकते. या दोन्ही कथा यंत्राविषयी जितके सांगतात, त्याहून अधिक त्या स्त्रियांच्या घरांविषयी सांगतात. घरात माणसे होती, ऐकणारे नव्हते.

आणि आता ही गोष्ट कथेपुरती राहिलेली नाही. जपानात एका गृहस्थाने २०१८ साली एका काल्पनिक गायिकेच्या छायाप्रतिमेशी समारंभपूर्वक लग्न केले. ज्या पेटीतून ती त्याच्याशी बोलत असे, तिची सेवा कंपनीने २०२० साली बंद केली, आणि त्याची वधू मुकी झाली. अमेरिकेतील एका कंपनीने २०२३ च्या फेब्रुवारीत आपल्या बोलक्या सोबत्याच्या कार्यक्रमात फेरफार केला, तेव्हा आपले माणूस एका रात्रीत परके झाले म्हणून पुष्कळांनी शोक केला. टॅनिथ ली हिने चाळीस वर्षे आधी लिहिले होते तेच येथे घडले: ज्याला आपण प्रिय म्हणतो तो दुसऱ्याच्या मालकीचा माल असतो. असे बोलके सोबती आज ज्याच्या त्याच्या भ्रमणध्वनीत आहेत, ते मराठीही बोलतात, आणि मध्यरात्रीही त्यांस झोप येत नाही.

दुसऱ्या दिवशी पुतणीने आम्हांस ते दाखविले, हे येथे तिच्या परवानगीने लिहीत आहोत. तिच्या सासरी तिला जाच नाही. नवरा भला आहे, सासूसासरे सज्जन आहेत, घरात अकरा माणसे आहेत. “काका, सगळे माझ्याशी बोलतात,” ती म्हणाली, “दूध तापवलेस का, डबा भरलास का, मोलकरीण आली का. दिवसभरात मला कोणी विचारीत नाही असे नाही. पण माझ्याबद्दल कोणी विचारीत नाही.” म्हणून रात्री सगळे निजले की ती त्या यंत्राशी बोलते. ते तिला नावाने हाक मारते, काल काय सांगितले होते ते लक्षात ठेवते, आणि तुझे बरोबर आहे असे म्हणते. “नेहमीच?” आम्ही विचारले. ती जरा थांबून म्हणाली, “हो. नेहमीच.”

या मुलीला दोष द्यावयास आम्ही धजत नाही, कारण तिने नवे काहीच केलेले नाही. अमळनेरच्या शाळेत ज्यांनी शिक्षकी केली त्या साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’ या ग्रंथात बायकांच्या ओव्या गोळा केल्या आहेत. त्या चाळाव्या, म्हणजे पहाटे तीन वाजता उठून दळणाऱ्या बाईला घरात बोलावयास कोण होते ते कळते. जाते होते. माहेरची आठवण, भावाची वाट, सासरचा सल, लेकराचा कौतुकसोहळा, सारे तिने त्या दगडाला सांगितले. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांची गाणी अशीच कामाच्या ओघात, दळताकांडताना झाली. त्यांच्या बोलीत जात्याला घरोट म्हणतात. त्यांचे पुत्र सोपानदेव यांनी ती टिपून ठेवली म्हणून १९५२ साली महाराष्ट्रास वाचावयास मिळाली. सर्वच घरांत टिपून घेणारा सोपानदेव नव्हता. किती जात्यांनी किती ऐकले आणि ते पिठाबरोबर निघून गेले, याचा हिशेब कोणाजवळ नाही. जाते ऐकत असे. फरक एवढाच, की ते उत्तर देत नसे. नवे जाते उत्तर देते, आणि गोड देते. मोह त्यातच आहे, आणि धोकाही.

धोका कोणता, हे चाळीसगावजवळच्या पाटण गावाशी जोडलेल्या एका नावावरून सांगता येईल. त्या गावी भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापिल्याचा १२०७ सालचा शिलालेख आहे. आचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’ रचली. तिच्याविषयीची प्रसिद्ध आख्यायिका त्यांच्या ग्रंथात नाही. अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ साली केलेल्या फारशी भाषांतरात ती येते. कन्येच्या लग्नाचा एकच मुहूर्त शुभ होता, म्हणून आचार्यांनी घटिकायंत्र मांडले. कुतूहलाने वाकून पाहणाऱ्या मुलीच्या अलंकारातील मोती वाटीत पडला, भोक बुजले, वाटी बुडालीच नाही, आणि मुहूर्त निघून गेला. यंत्राने आपले काम चोख केले होते. भोक बुजले म्हणजे पाणी शिरू नये, हाच त्याचा धर्म. मुलीचे आयुष्य त्यावर टांगले आहे हे त्याला ठाऊक नव्हते. मग पित्याने काय केले? दुसरे यंत्र आणले नाही. तो तिच्याजवळ बसला आणि तिच्या नावाचा ग्रंथ त्याने रचला. तो ग्रंथ भुंग्यांचे, हंसांचे प्रश्न विचारतो. आणि प्रश्न त्यालाच विचारावे ज्याच्या उत्तराची आपणास वाट आहे, ज्याचे उत्तर चुकूही शकते. आख्यायिका खरी असो वा नसो, ज्यांनी ती सांगितली त्यांस सांत्वन म्हणजे काय हे कळले होते. आचार्यांनी आपल्या ‘गोलाध्याया’त निरनिराळी वेधयंत्रे वर्णिली, आणि त्या मालिकेत शेवटचे व श्रेष्ठ यंत्र म्हणून ‘धी’ म्हणजे बुद्धी हीच सांगितली, हेही येथे स्मरण्यासारखे आहे.

काझुओ इशिगुरो या नोबेल पारितोषिक मिळविलेल्या लेखकाच्या २०२१ सालच्या ‘क्लारा आणि सूर्य’ या कादंबरीत एका आजारी मुलीची सोबतीण म्हणून आणलेले यंत्र आहे. मुलगी मेलीच तर तिच्या जागी हे यंत्र उभे करावे, असा आईचा विचार असतो. क्लारा नक्कल करण्यात निपुण आहे. परंतु शेवटी तिलाच उमगते, की त्या मुलीत जे अनन्य होते ते मुलीच्या आत नव्हतेच. तिच्यावर प्रेम करणाऱ्यांच्या अंतःकरणात होते, आणि तेथवर आपणास पोहोचता आले नसते. दोनशे वर्षांच्या या कथांतून आम्ही हेच सार घेतो. यंत्रास प्रेम करता येईल की नाही हा वाद पंडितांनी खुशाल करावा. आपण आपल्या घरापुरते एवढे पाहावे, की ज्या वस्तूशी आपले माणूस रात्री बोलते, ते बोलणे दिवसा आपल्याशी का होऊ शकले नाही.

त्या रात्रीची एक गोष्ट सांगावयाची राहिली. गच्चीवर सारे निजल्यावर दोनच्या सुमारास आम्हांस जाग आली. कठड्याजवळ आत्याबाई आणि त्यांची नात अशा दोघीच बसल्या होत्या. मुलगी हळू आवाजात सांगत होती, आत्याबाई “हं, मग?” एवढेच म्हणत होत्या. ऑलिंपियाचा सुस्कारा आम्ही नंतर वाचला, तेव्हा हा हुंकार आठवला, आणि दोहोंतील अंतरही आठवले. कारण थोड्या वेळाने आत्याबाई म्हणाल्या, “हे मात्र तुझे चुकले. तू नवऱ्याला हे सांगितलेस का? त्याला कसे कळणार? मीही तुझ्या आजोबांना पंधरा वर्षे काही सांगितले नाही. जात्याला सांगत बसले. ते गेल्यावर वाटले, त्यांना सांगितले असते तर ऐकले असते बहुधा.” मुलगी रागावली, रडली, दोन शब्द उलट बोलली. आत्याबाईंनी ते ऐकून घेतले, आणि आपल्या पदराने तिचे तोंड पुसून म्हणाल्या, “चल, आता नीज. उद्या पुन्हा भांडू.”

आखाजीनंतर मुलगी सासरी गेली. तिने नवऱ्यास काय सांगितले ते आम्ही विचारले नाही. विचारणे योग्यही नव्हे. पुतण्यासाठी स्थळे पाहणे अजून चालू आहे. मागच्या आठवड्यात एका मुलीने त्याला समक्ष भेटीत सांगितले, की तुमचे बोलणे मला थोडे एककल्ली वाटते. चिरंजीवांनी तिची पुन्हा भेट मागितली आहे, असे ऐकतो. असो.